भंगाराचा लिलाव ‘जसे आहे तसे’ नको

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०साठीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या बंद केल्या आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक संगणक कार्यालयांच्या लेखी बाद ठरले. त्यातच दर ऑक्टोबरात केंद्र सरकारची स्वच्छता मोहीम असते, आणि राज्यातही २०२५च्या सुरुवातीला शंभर दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांच्या साफसफाईवर भर होता. साहजिकच जिन्याखाली, गच्चीवरच्या शेडमध्ये, अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे साठलेल्या सामानाचे काय करायचे, यावर सध्या हिरिरीने बोलले जाते. पण बोलणे फिरते दोनच मुद्द्यांभोवती. एक पक्ष म्हणतो, लिलाव करा, चार पैसे येतील, जागा मोकळी होईल. दुसरा म्हणतो, भंगारात कशाला घालता, खेड्यातल्या शाळांना द्या. मग तिजोरीत किती रक्कम जमा झाली, किती चौरस फूट जागा सुटली, किती शाळांना संगणक वाटले, याचे आकडे अभिमानाने जाहीर होतात. सामान फाटकाबाहेर पडल्यावर कुठे गेले, हे कोणीच विचारत नाही.

माझे म्हणणे असे की, विचारायचा प्रश्न तोच आहे. सगळा ढीग एकगठ्ठा करून ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’ या अटीवर सर्वाधिक बोली लावणाऱ्याच्या गळ्यात घालण्याची पद्धत थांबली पाहिजे. लोखंडी कपाट, युपीएसची बॅटरी, हार्ड डिस्क, ट्यूबलाइट आणि जुन्या नस्त्या यांच्यात एकच साम्य आहे, ते म्हणजे त्या नकोशा झाल्या आहेत. तेवढ्यावरून त्या एका लॉटमध्ये बसत नाहीत. प्रत्येकीचा शेवटचा मुक्काम कुठला असावा हे आधी ठरावे, भाव त्यानंतर. त्यापायी उत्पन्न घटले, काही वस्तूंसाठी तर उलट पदरचे पैसे मोजावे लागले, तरी तो खर्च कार्यालयानेच सोसला पाहिजे.

सर्वाधिक बोली कोण लावू शकतो? एका लॉटमध्ये चाळीस जुने सीपीयू, वीस पिक्चर ट्यूबचे मॉनिटर, तीस युपीएस आणि पोतेभर ट्यूबलाइट आहेत असे धरा. किंमत सीपीयूत आहे: रॅम, प्रोसेसर, तांबे, अॅल्युमिनियमचे हीटसिंक आणि सर्किट बोर्डावरचा सोन्याचा पातळ मुलामा. किंमत बॅटरीतही आहे, कारण युपीएसमधल्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीचे वजन दोन-सव्वादोन किलो असते आणि त्यात निम्म्याहून जास्त शिसे असते. मॉनिटरच्या काचेतही शिसे आहे, पण काचेत मिसळलेले. ते काढणे परवडत नाही, म्हणून ती काच म्हणजे निव्वळ बोजा. ट्यूबलाइटमधला पारा तसाच. आता दोन खरेदीदार समोर आहेत. पहिला काच आणि ट्यूब योग्य ठिकाणी पोचवण्याचा खर्च बोलीतून वजा करतो. दुसरा काच नाल्यात टाकतो, तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतो, बॅटरीतले आम्ल गटारात ओततो आणि बोर्ड आम्लात बुडवून सोने काढणाऱ्याला विकतो. बोली कोण जिंकेल? सर्वाधिक भावाच्या अटीने आपण हटकून दुसऱ्यालाच निवडतो. तो देतो त्या जादा पैशांची भरपाई दिल्लीतल्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या, ई-कचरा फोडणाऱ्या वस्तीच्या एखाद्या गल्लीतले कोणाचे तरी फुप्फुस करते.

प्रक्रिया काटेकोर पाळली म्हणजे जबाबदारी संपली, या समजुतीचे उत्तर २०१० साली दिल्लीत मिळाले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५पासून पडून असलेले गॅमा किरणांचे उपकरण त्या वर्षी जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले. लिलाव झाला, बोली लागली, सामान उचलले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडल्यावर आतला कोबाल्ट-६० बाहेर आला. एका कामगाराचा जीव गेला आणि आणखी काही जण किरणोत्साराने आजारी पडले. विकणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उपकरणात काय आहे हे जाणणारी माणसे निवृत्त झाली होती आणि नोंदवहीत उरली होती फक्त एक ओळ. आपल्या कार्यालयांत कोबाल्ट नसतो हे मान्य. पण जडवस्तू नोंदवहीतली ‘संगणक संच, ४० नग’ ही ओळ त्याहून जास्त काय सांगते? डिस्क आत आहे की काढली, बॅटरी फुगली आहे का, पिक्चर ट्यूब आहे की एलसीडी, यातले काहीच नाही.

लिलावाच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा पारदर्शकतेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जाहीर लिलाव नसेल तर साहेबांच्या ओळखीचा माणूस टेम्पो घेऊन येतो आणि मातीमोल भावाने माल नेतो, हे सर्वांना ठाऊक आहे. लेखापरीक्षणात ‘जास्त दराची बोली का नाकारली’ असा शेरा आला तर उत्तर देता देता कारकुनाचे निवृत्तिवेतन अडकते. म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याच्या, प्रस्तावावर सही करण्यापेक्षा सामान कुजू देणे अधिकाऱ्यांना सुरक्षित वाटते. पण या भीतीवर उपाय लिलाव मोडणे हा नाहीच. बोलीत कोण उतरू शकेल, एवढेच आधी ठरवायचे आहे. एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावात वापरलेल्या शिशाच्या बॅटऱ्या किंवा ई-कचरा घ्यायचा तर प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडची नोंदणी दाखवावी लागते. तिथे स्पर्धा असते, दर असतात, लेखापरीक्षकही समाधानी असतो. केंद्राचे २०१७चे सामान्य वित्तीय नियमही ज्या मालाला भंगाराचा भावसुद्धा येत नाही, तो पर्यावरणाला अपाय न होईल अशा रीतीने नष्ट करण्याची मुभा देतात. अडते ते लॉट पाडण्याच्या कंटाळ्यापाशी.

२०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. आर्थिक वर्षात कधीही किमान हजार विद्युत व इलेक्ट्रॉनिक नग वापरणारी संस्था त्यांत घाऊक ग्राहक ठरते, आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तकार किंवा पुनर्चक्रणकार यांनाच द्यायचा असतो. ‘आमच्याकडे कुठे हजार नग आहेत?’ हा प्रतिवाद नेहमी ऐकू येतो. पण नियम संस्थेबद्दल बोलतो. बँकेची शाखा ही बँकेहून वेगळी संस्था नव्हे, आणि दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीचे एक दुकान म्हणजे कंपनी नव्हे. यादीत फक्त संगणक आहेत असेही नाही. प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिज, युपीएस, टेलिफोन, एसी, पारा असलेले दिवे, सगळे मोजले तर हजाराचा आकडा मध्यम आकाराच्या संस्थेतही सहज ओलांडला जातो. जी खरोखरच लहान आहे, तिच्यावर या कलमाचा बोजा नाही हे खरे. मात्र तिच्या ट्यूबमधला पारा त्यामुळे कमी विषारी होत नाही.

दुसरा गंभीर आक्षेप जमिनीवरचा आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रणकार शहरांच्या आसपास आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणचे बारा सीपीयू न्यायला कोणी गाडी पाठवत नाही. शिवाय काही नोंदणीकृत उद्योग नुसती प्रमाणपत्रे विकतात आणि माल मागच्या दाराने पुन्हा भंगारवाल्याकडेच जातो, असाही आरोप होतो. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पहिलीला उत्तर एकत्रीकरणाचे: जिल्ह्यातल्या सर्व कार्यालयांनी, किंवा एमआयडीसीच्या एका वसाहतीतल्या कारखान्यांनी, वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना माल एका जागी आणावा. साडेतीनशे-चारशे किलो जमले की गाडी येते. दुसरीला उत्तर वजनाचे. डेस्कटॉपचे कॅबिनेट साधारण सात ते दहा किलोचे असते. पन्नास कॅबिनेट दिली आणि प्रमाणपत्रावर २१० किलो दिसले, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. अनुक्रमांकांची यादी, गाडी भरतानाचा वजनकाट्याचा कागद आणि पुनर्चक्रण प्रमाणपत्र हे तिन्ही जुळल्याशिवाय नोंदवहीतली नोंद कमी करायची नाही, एवढा नियम पाळला तरी बनावट कागदाला आळा बसतो. हीच यादी घरच्या चोरीलाही आळा घालते. लिलावापूर्वी रॅम आणि डिस्क काढून घेतलेली ‘पोकळ’ कॅबिनेट विकली जातात आणि दर का पडला म्हणून मग बाजाराला दोष दिला जातो.

आणि भंगारवाल्यांच्या पोटाचे काय? हा प्रश्न मनापासून विचारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. वस्तू सुटी करून प्रत्येक भागाला नवा मालक शोधण्याचे कौशल्य आपल्याकडे त्यांच्याइतके कोणाकडेच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना पॉवर सप्लाय दुरुस्त करणारा कारागीर कुठल्याही कारखान्यापेक्षा कमी ऊर्जेत जास्त वस्तू वाचवतो. पण गोळा करणे, निवडणे, दुरुस्त करणे हा एक भाग झाला. जाळणे, आम्लात बुडवणे, शिसे वितळवणे हा दुसरा. पहिल्याचे रक्षण करायचे म्हणून दुसऱ्याकडे काणाडोळा करण्याची गरज नाही. पुण्यात १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून पुढे आलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था यांनी दाखवून दिले आहे की, कचरावेचकांना व्यवस्थेत सन्मानाची जागा देता येते. नव्या नियमांत दुरुस्तकार म्हणून नोंदणीचा स्वतंत्र वर्ग आहे. छोट्या कारागिरांनी गट करून ती नोंदणी घ्यावी यासाठी आग्रह धरणे, हीच त्यांच्या पोटाची खरी काळजी.

शाळांना दान देण्याच्या कल्पनेबद्दल मात्र मी थोडा कठोर आहे. हेतू उदात्त असला तरी आज जे चालते ते बहुतेक वेळा भंगाराचे स्थलांतर असते. बारा वर्षांचा संगणक, पिवळा पडलेला कीबोर्ड, हार्ड डिस्कचा करकर आवाज, बॅटरी संपलेला युपीएस. फोटो निघतो, दोन महिन्यांत संच बंद पडतो आणि विल्हेवाटीचे ओझे ज्या संस्थेकडे ना पैसा ना माणूस, तिच्या माथी बसते. दान द्यायचेच असेल तर नीट द्या. चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय-थ्री संगणकात २५६ जीबीची एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि ८ जीबी रॅम घातली, वर विंडोजऐवजी उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस प्रणाली टाकली, की तो शाळेच्या कामाला आणखी काही वर्षे छान चालतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदला, नाहीतर दर वेळी तारीख चुकते आणि ब्राउझरमध्ये संकेतस्थळे उघडत नाहीत. मास्तर संगणकच बिघडला असे समजून त्याच्यावर कापड टाकतात. एका वर्षाची देखभाल आणि शेवटी संच परत नेण्याची लेखी हमी द्या. एवढे जमत नसेल तर ते सामान थेट पुनर्चक्रणाला पाठवणे जास्त प्रामाणिक आहे.

विल्हेवाटीच्या चर्चेत ज्याची सर्वांत कमी दखल घेतली जाते, ती माहिती. फाईल डिलीट केली किंवा डिस्क झटपट फॉरमॅट केली, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फक्त अनुक्रमणिका पुसली जाते आणि मजकूर जागच्या जागी राहतो. मोफत मिळणाऱ्या साधनांनी तो कोणीही परत काढतो. अशा डिस्कवर सगळ्या जागेवर एकदा पुनर्लेखन करणे पुरेसे असते. १ टीबीला दोन-तीन तास लागतात. एसएसडीला हा उपाय लागू पडत नाही. तिच्या आतला नियंत्रक लेखन वेगवेगळ्या कप्प्यांत फिरवत असतो, त्यामुळे काही भाग पुनर्लेखनाच्या आवाक्याबाहेर राहतात. तिथे उत्पादकाचीच सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. चुंबकाने पुसण्याचे यंत्रही एसएसडीवर निरुपयोगी, कारण तिच्यात चुंबकीय काहीच नसते. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, म्हणून ती भौतिकरीत्याच तोडायची: फिरत्या डिस्कच्या तबकड्यांना आरपार भोके पाडायची, एसएसडीची प्रत्येक चिप फुटेल असे पाहायचे.

डिस्क फक्त संगणकात असते असेही नाही. अनेक मोठ्या झेरॉक्स यंत्रांत ती असते आणि स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहतात. अमेरिकेतल्या अॅफिनिटी हेल्थ प्लॅन या विमा संस्थेने भाड्याची अशी यंत्रे डिस्क न पुसता परत केली होती. २०१३ साली त्या प्रकरणात तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. मॉर्गन स्टॅन्लीने जुन्या उपकरणांचे काम या क्षेत्राचा अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिले, ग्राहकांच्या माहितीसकट काही उपकरणे ऑनलाइन लिलावात विकली गेली आणि २०२२मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड बसला. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वायफायचा राउटर, बोटांच्या ठशांवर हजेरी घेणारे यंत्र, खणात विसरलेले डिजिटल स्वाक्षरीचे टोकन हे सगळे आपण वजनावर विकतो. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा कसा बदलणार? आणि रबरी शिक्के? गोल शिक्का, कोरी लेटरहेड आणि अर्धे वापरलेले पावतीपुस्तक मिळाले की खोटा दाखला तयार करायला दहा मिनिटे पुरतात. शिक्क्याचे रबर पंचनामा करून कापले पाहिजे, नुसते दांड्यापासून सोलून चालणार नाही.

कागदाच्या बाबतीत आपण दोन्ही टोकांच्या चुका करतो. एकीकडे ‘ड’ वर्गाचे, वर्षभरात निकाली काढायचे कागद वीस-वीस वर्षे रुमालात बांधलेले असतात. दुसरीकडे मोहिमेची तारीख जवळ आली की निंदणीकरणाच्या, म्हणजे नको असलेले कागद वेचून काढण्याच्या, नावाखाली ‘अ’ वर्गाचा कायम जपायचा अभिलेखही त्याच टेम्पोत जातो. संवेदनशील कागद उभ्या पट्ट्या करणाऱ्या स्वस्त यंत्रात घालून निश्चिंत होणाऱ्यांनी १९७९चे तेहरान आठवावे. अमेरिकी वकिलातीत पट्ट्या केलेले दस्तऐवज इराण्यांनी पट्टीला पट्टी लावून पुन्हा जुळवले आणि छापून प्रसिद्धही केले. आडवे-उभे तुकडे करणारे यंत्र वापरावे, किंवा माल थेट कागद गिरणीत नेऊन आपल्या माणसादेखत लगद्यात घालावा. पण त्याआधी यादी वाचली पाहिजे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाड्यावाड्यांतून अडगळ म्हणून पडलेली दप्तरे धुंडाळून. जे त्यांच्या हाती लागण्याआधीच वाण्याच्या पुड्या बांधायला गेले, त्याची मोजदाद कोणीच केलेली नाही. गावच्या पाणीवाटपाची, पुनर्वसनाची, जमिनीच्या फेरफारांची नस्ती रद्दीत गेली की पुढच्या पिढीचा दावाही तिच्याबरोबर जातो.

जुन्या एसीची कथा चर्चेत येतच नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण किलोभर शीतक वायू असतो. तो आर-२२ असेल तर ओझोनच्या थराला मारक आणि तापमानवाढीच्या हिशेबात तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. भंगारवाला काय करतो? तांब्याची नळी कटरने कापतो, फुस्स आवाज होतो, संपले. हे टाळायला कारागिराला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. कॉम्प्रेसर चालू असेल तर बाहेरच्या युनिटचा द्रववाहिनीचा व्हॉल्व्ह अॅलन कीने बंद करायचा, यंत्र चालू ठेवून गेजचा काटा शून्याजवळ येईपर्यंत वायू बाहेरच्या युनिटमध्ये खेचून घ्यायचा, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करून लगेच वीज तोडायची. पुढे पुनर्चक्रणाच्या ठिकाणी तो यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. कॉम्प्रेसर जळालेला असेल तर हे जमत नाही आणि वायू जागेवरच यंत्राने काढावा लागतो. या कामाची मजुरी लिलावाच्या अटींत कुठेच धरलेली नसते, म्हणून ते होत नाही. फिरत्या खुर्चीच्या गॅस-लिफ्टचेही तसेच. आत दाबाखाली वायू असतो, आणि तो दांडा गॅस-कटरने कापला तर फुटून माणूस जखमी होतो. टोनरची उरलेली भुकटी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ओढली तर ती गाळणीतून आरपार निघून खोलीभर पसरते. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दाबायची वा टोचायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात, इतर मालापासून दूर ठेवायची. या सूचना एका पानावर मावतात. ते पान लिलावाच्या सूचनेला का जोडलेले नसते?

सगळ्यात मोठा अडथळा पैशांचा आहे असे सांगितले जाते. आयकराच्या हिशेबात संगणकावर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळतो. ५०,००० रुपयांच्या संगणकाची पुस्तकी किंमत पाच वर्षांनी ३,८८८ रुपये उरते. म्हणजे पाचव्या वर्षी त्याच्याकडून कमाईची अपेक्षा हिशेबाच्या वह्यासुद्धा करत नाहीत. मग त्या वेळी चारशे रुपये जास्त आले की कमी, यावर एवढा खल कशासाठी? आणि माल जितका पडून राहील तितका भाव उतरतो. चार्ज न होता पडलेली युपीएसची बॅटरी काही महिन्यांत कायमची निकामी होते, जिन्यात रचलेली कपाटे आग लागल्यावर बाहेर पडण्याची वाट अडवतात. पुनर्चक्रणकारांनाही ई-कचरा साधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. कार्यालयांनी स्वतःला तीच मुदत घालून घ्यावी.

खर्चाची तरतूद करायची ती खरेदीच्या वेळी. संगणक, एसी, युपीएस, झेरॉक्स यंत्र यांच्या निविदेतच लिहावे की आयुष्य संपल्यावर पुरवठादार किंवा उत्पादक माल स्वखर्चाने परत नेईल, अनुक्रमांकनिहाय प्रमाणपत्र देईल आणि माहिती साठवणारा भाग कार्यालयाच्या ताब्यात ठेवेल. उत्पादकांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टे आधीच आहेत, २०२५-२६साठी ७० टक्के. त्यांना माल हवाच असतो, आपण तो भलत्याच दारात नेऊन ठेवतो. युपीएसच्या बॅटऱ्या बदलताना जुनी देऊन नवी घेण्याची प्रथा आहेच. ती पावतीवर अनुक्रमांक आणि वजनासह उतरवली की २०२२च्या बॅटरी कचरा नियमांचा हेतूही साधतो. लोखंड आणि लाकूड खुल्या लिलावात जाऊ द्यावे, तिथे सर्वाधिक बोलीला माझी हरकत नाही. उरलेल्या काच, ट्यूब आणि टोनरसाठी कार्यालयीन खर्चात दर वर्षी स्वतंत्र शीर्षाखाली रक्कम धरावी, आणि मोहिमेच्या अहवालात ‘मिळालेले उत्पन्न’ या रकान्याशेजारी ‘विल्हेवाटीवर झालेला खर्च’ आणि ‘अंतिम ठिकाण’ असे आणखी दोन रकाने छापावेत.